काल्याच्या कीर्तनाला आलेली कुत्री

दौलतसिंग राठोडची अशी ठाम समजूत होती, की तांड्यातली कुत्री भाविक आहेत.

तसं वाटायला कारणही होतं. दिवेलागण झाली की तो सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर टाळ घेऊन बसायचा आणि रामकृष्णहरीचा गजर धरायचा. त्याचे टाळ जुने काशाचे, एकाची कड जराशी उडालेली. त्यामुळे त्यांचा आवाज चारचौघांच्या टाळांत मिसळत नसे, वेगळाच उठायचा. तो आवाज झाला की कोणी उकिरड्यावरून, कोणी बैलगाडीखालून, कोणी कुणाच्या तरी अंगणातून अशी कुत्री निघायची आणि ओट्याखाली येऊन बसायची. मान वर, कान ताठ, भुंकणं नाही की गुरगुरणं नाही. गजर आटोपला की धनीबाईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरीचे तुकडे दौलतसिंग त्यांच्यापुढं टाकायचा. त्याच्या लेखी तो प्रसाद होता.

"प्रसाद कायचा," धनीबाई म्हणायची. "भाकरीसाठी येतेत थे. एक दिवस भाकर नेऊ नका, मंग पाहा कोणतं कुत्रं देवाचं नाव आयकाले येते."

"अन् तू सप्त्यात कायले जातं?"

"मी देवासाठी जातो."

"मंग ज्या दिवशी जेवण नसते त्या दिवशी तुये गुडघे काहून दुखतेत?"

यावर धनीबाई तवा जरा जोरात आपटायची, आणि नवऱ्याच्या फडक्यात एक भाकरी जास्त बांधायची.

पण गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी राहिली नव्हती. मानोऱ्याच्या बाजूला पिंपळशेंडा हे गाव आणि त्याचा तांडा यांच्या मधे एक ओढा आहे. ग्रामपंचायत दोघांची एकच. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जायचा. ट्रकमधे माणसं चढायची, भांडी चढायची, बाजा, कोंबड्या, शेळ्यासुद्धा चढायच्या. कुत्र्यांना मात्र जागा नसायची. ती ट्रकमागं पक्क्या सडकेपर्यंत धावायची आणि मग जीभ काढून परत यायची. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या भाकरीत एवढी पोटं कशी भरणार? मग उपाशी कुत्री ओढा ओलांडून गावात शिरायची.

मागच्या हिवाळ्यात सरपंच गोजराबाईंची दोन करडं गेली. इस्माईलभाईची नात अनम शाळेतून येत होती, तिच्या पोटरीला कुत्रं चावलं. तिला सुया देण्यासाठी इस्माईलभाईला पार वाशीमपर्यंत चकरा माराव्या लागल्या. गावातली चार तरणी पोरं विष घालायची भाषा बोलू लागली, तेव्हा त्यांना आडवा आला तो इस्माईलभाईच. चौकात त्याचं कोंबडीचं दुकान होतं आणि पंचायतीत तो सदस्य होता.

"नात माही हाय, गुस्सा मले याले पायजे," तो म्हणाला. "तुमाले कायले येऊन राह्यला? भुक्या जनावराले जहर देणं काय मर्दानगी हाय का?"

म्हणून यंदा दिवाळीआधीच ग्रामसभा बसली. मानोऱ्याहून जनावरांचे डॉक्टर आले होते. ते म्हणाले, मारणं कायद्यात बसत नाही, आणि मारून उपयोगही नाही. एक मोकळं झालेलं ठिकाण दुसरं कुत्रं येऊन धरतं. त्यापेक्षा गावातलाच एक माणूस नेमा. त्यानं गावची-तांड्याची कुत्री ओळखून ठेवायची, गावाबाहेर एका जागी रोज खाऊ घालायचं, सुया टोचायला आणि नसबंदीला धरून द्यायची, आणि कोणाला चावलंच तर त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. ठरावात त्याला 'श्वानरक्षक' असं भारदस्त नाव पडलं. सभा उठेपर्यंत गावानं त्याचं 'कुत्रेराख्या' करून टाकलं.

"माणूस नेमाले काई नाई," ग्रामसेवक म्हणाला, "पण त्याले द्यायचं कुठून? पंचायतीजवळ त नळाची तोटी बदलाले पैसा नाई."

गोजराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "अर्धं पंचायत देईन. अर्धं गावानं द्यायचं. आंदी खळ्यावर सुताराले, लोहाराले दाणे देत होतो का नाई आपण? तसंच. घरामांगं एक पायली. ज्वारी नसन त गहू, गहू नसन त तूर."

हरीओम उभा राहिला. रोज सकाळी जोर मारणारा, भरल्या अंगाचा गडी. "ज्याच्या घरी कुत्रंच नाई, त्यानं काहून द्यावं?"

"चावताना थे इचारते का रे, तुया घरी कुत्रं हाय का म्हणून?"

सभा हसली. हरीओम बसला, पण बसता बसता म्हणाला, "मंग राख्या मलेच करा. सकाळी मोकळाच असतो मी."

इस्माईलभाईनं हात वर केला. "दुकानात जे उरते, पाय, मान, आतडे, थे रोज शिजवून एक डबा देईन. आजपावतो ओढ्यात फेकत होतो. कुत्रे त्याच्याच वासानं इकडं येत होते, खोटं कायले बोलू?"

दौलतसिंग मागच्या ओळीत बसून सगळं ऐकत होता. त्याच्या मनात एकच नाव फिरत होतं, आणि ते त्याच्या लेकाचं, बादलचं. सभा उठायच्या आत त्यानं ते पुढंही केलं.

ऊसतोडीत माणूस एकटा मोजत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादम किसनसिंग, तांड्यातलाच, नात्यातला, बादलच्या होकाराची वाट पाहत होता. सप्त्याचा काला झाला की तिसऱ्या दिवशी ट्रक निघणार होता. आणि बादलची बायको रंजीता पोटुशी होती, सहावा लागला होता. बाळंतपण पडणार तिकडं, उसाच्या फडाजवळच्या पालात. दोन वर्षांआधी शेजारच्या हेमलाची पोरगी अशीच फडाच्या कडेला बाळंत झाली होती, पाचटावर, दवाखाना कोसभर लांब. माय-लेकरू वाचलं, देवाची कृपा. बादलला हे काम मिळालं, तर कोयता यंदा घरीच राहणार होता. दौलतसिंगानं त्या रात्रीपासून देवाकडं दुसरं काही मागितलंच नाही.

काम कोणाला द्यायचं याची रीत गोजराबाईंनीच ठरवली. काल्याच्या दिवशी सकाळी डॉक्टर सुया घेऊन शाळेच्या मैदानात येणार. हरीओम अन् बादल, दोघांत ज्याच्याजवळ कुत्री येतील आणि शांत राहतील, तो राख्या.

"बा, मले कुत्रे मानत नाईत," बादल घरी येऊन म्हणाला. "अर्धं साल मी इथं नसतो. हिवाळ्यात जे पिल्लं होतेत, थे मलेच पावना समजून भुकतेत."

"मंग माह्यासंग ओट्यावर बस. टाळ धर."

"टाळ नाई धरत मी. पोट्टे हासतेत."

"लगनात डीजेपुढं हातपाय झाडतं, तवा कोणी हासत नाई?"

"तवा सगळेच झाडतेत," बादल म्हणाला.

रंजीता चुलीशी बसून तोंडाला पदर लावून हसत होती. तिचं सासर-माहेर याच तांड्यात, त्यामुळे सासऱ्याचा गजर तिच्या कानावर परकरात असल्यापासून पडलेला. भाकरी थापताना तिचे हात त्याच ठेक्यावर पडायचे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

काल्याच्या सकाळी धनीबाईनं नवऱ्याला ताकीद दिली. "तुमी शाळेकडं फिरकूच नका. कुत्रे तुमच्या मांगं येतीन अन् पोराचं काम बिगडन. गावातल्या देवळात जा, कीर्तनात उभे राहा, सरेपर्यंत तिथंच राहा."

दौलतसिंगाला असा हुकूम म्हणजे मेजवानी. दरवर्षी तो गावच्या सप्त्यात श्रोत्यांत बसायचा. यंदा टाळकरी कमी पडले होते आणि त्याला टाळकऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं बोलावणं होतं. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला, आपले टाळ गळ्यात घातले आणि ओढा ओलांडून गेला. टाळांचा विचार त्याच्याही मनात आला नाही आणि धनीबाईच्याही. प्रेमाची माणसं अशीच चुकतात; नवऱ्याला लपवायचं म्हणून बाईनं त्याला लाऊडस्पीकरपुढं नेऊन उभं केलं.

मैदानात इकडं काही खरं नव्हतं. हरीओम तारेचा फास आणि कोंबडीचे तुकडे घेऊन आला होता. कुत्र्यांनी तुकडे पाहिले, फास पाहिला, आणि शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून विचार केला. बादलनं भाकरी दाखवली. ती त्यांनी त्याच्या हातून अदबीनं घेतली आणि लांब जाऊन खाल्ली. डॉक्टरांपुढं एकच कुत्रं होतं, इस्माईलभाईच्या दुकानाखालचा मोती, आणि त्याला वजनामुळं उठणंच जमत नव्हतं.

"असं असन त मी पुढच्या गावाले जातो," डॉक्टर म्हणाले.

"थांबा सायेब, घोटभर च्या घ्या," इस्माईलभाई म्हणाला. बादलकडं पाहायचं त्यानं टाळलं. पोराचा चेहरा पाहवत नव्हता.

तेवढ्यात देवळावरच्या भोंग्यातून पहिला टाळ वाजला.

कुंपणाबाहेरच्या कुत्र्यांचे कान एकदम उठले. अवेळी का होईना, पण आवाज ओळखीचा होता. ती वळली आणि निघाली. ओढ्यापलीकडून तांड्यातली उरलेली निघाली.

देवळात कीर्तनकार महाराज नुकतेच उभे राहिले होते. महाराज कारंज्याकडचे, गळा असा गोड की एकदा आलाप घेतला की बायांच्या हातातल्या वाती वळायच्या थांबायच्या. काल्याचं कीर्तन ते मोठ्या मायेनं करत. "कोणाच्या शिदोरीत काय होतं," ते म्हणत होते, "ते कालवल्यावर ओळखू येत नाही. येतं का? श्रीमंताचं लोणी वेगळं काढता येतं का, गरिबाची शिळी भाकर वेगळी काढता येते का? येत नाही, म्हणून तो काला. आणि या पंगतीला कोणी यायचं, हे आपण ठरवत नाही बाबा..."

आणि मंडपाच्या तोंडाशी कुत्री उभी राहिली.

बाया पदर सावरून उठल्या. पोरं आजोबांच्या मांडीवर चढली. कोणी चप्पल उचलली, कोणी काठी मागितली. दौलतसिंगाचे हात थांबले. टाळ थांबले तशी कुत्री बिथरली, दोन कुत्री बुंदीच्या परातीकडं वळली, एक भजन्यांच्या पायांत घुसलं. दौलतसिंगाला काही सुचेना, त्यानं घाबरून पुन्हा ठेका धरला. कुत्री होती तिथं बसली. मान वर, कान ताठ.

त्यानं पुन्हा थांबून पाहिलं. पुन्हा सगळी उठली.

"वाजवा, बुवा, वाजवा," महाराज हळूच म्हणाले. "थांबू नका. असे श्रोते मला मोठ्या शहरात मिळत नाहीत."

मग दौलतसिंग वाजवत राहिला, पण चूक त्याच्या ध्यानात आली होती. लेकाला जी कुत्री मैदानात लागत होती, ती सगळी त्यानं इथं ओढून आणली होती. मंडपाच्या कडेला बादल येऊन उभा होता, धापा टाकत, हातात तसाच भाकरीचा तुकडा. त्याच्यामागं हरीओम, इस्माईलभाई, आणि सुयांची पेटी घेतलेले डॉक्टर.

गोजराबाई बायकांतून उठल्या. "आता काय पाह्यचं राह्यलं? दौलतभाऊलेच ठेवा. कुत्रे त्याचेच हायेत."

मंडपभर माना हलल्या. हरीओमनंही मान हलवली; तारेचा फास त्यानं मघाच खिशात घातला होता. धनीबाईनं कपाळाला हात लावला. बाकी कोणाला कळो न कळो, तिला कळत होतं: म्हाताऱ्याला काम लागलं की गाव म्हणणार, एका घरात एक पुरे. कोयता ट्रकवर चढणारच.

दौलतसिंग टाळ वाजवतच दोन पावलं पुढं आला. ठेका सोडता येत नव्हता, म्हणून तो त्या ठेक्यावरच बोलला, "बाई, राग मानू नका, पण मले नका ठेवू. चावल्या माणसाले घेऊन मी मोटारसायकलवर मानोऱ्याले कसा जाऊ? फटफटीले किक मारतो म्हटलं त मीच पडतो. पळता येत नाई. आज हावो, उद्या नाई. राख्या असा पायजे का दहा सालं टिकन." तो थांबला, म्हणजे बोलायचा थांबला. "अन् बाई, सून पोटुशी हाय. पोरगा इथं राह्यला त लेकरू घरात होईन. माहं एवढंच मागणं हाय."

गोजराबाई बादलकडं वळल्या.

"इकडं ये रे," त्या म्हणाल्या. "बापाच्या हातचे टाळ घे. कुत्रे बसले त तू. उठले त हरीओम. देवाच्या दारात ठरन, कोणाले बोलाले जागा नाई."

बादल पुढं आला. त्याचे दोस्त मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, ते त्यानं पाहिलं, त्यांनीही त्याला पाहिलं. बापानं टाळ त्याच्या गळ्यात घातले. बादलनं पहिला ठोका दिला, तो चुकला. दुसरा त्याहून चुकला. तोंडातून आवाज निघेना. कुत्री एकेक करून उठायला लागली आणि एकानं तर स्पष्ट जांभई दिली.

तेव्हा बायकांतून गजर उठला. आवाज बारीक होता, पण चाल पक्की होती. रंजीता बसल्या जागी, डोळे खाली घालून, रामकृष्णहरी म्हणत होती, आणि मांडीवर हात आपटून ठेका देत होती, भाकरी थापल्यासारखा. बादलनं तिचा हात पाहिला. त्याच्या हातातले टाळ त्या हाताबरोबर पडू लागले. मग त्याचा आवाज निघाला, घोगरा, बेसूर, पण भरीव. महाराजांनी तो सूर उचलला, मृदंग मागं आला, आणि सगळा मंडप गायला लागला. खांबाला टेकलेल्यांत एकानं टाळी धरली. बाकीच्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं धरली.

कुत्री खाली बसली.

"चाल आता," महाराज म्हणाले, "वाजवत वाजवत शाळेकडं चाल. काल्याची हंडी थोडी उशिरा फुटली तर देव रागावत नाही."

त्या दिवशी पिंपळशेंड्यात जे लोकांनी पाहिलं ते अजून सांगतात. पुढं टाळ वाजवत बादल, त्याच्यामागं कुत्री, त्यांच्यामागं वीणा घेतलेले महाराज आणि सारं गाव. मैदानात डॉक्टर एकेक सुई टोचत होते, हरीओम आपल्या दणकट हातांनी एकेक कुत्रं मांडीशी हळूच धरत होता, फास खिशातून न काढता. एका सुईला एक कुत्रं केकाटलं आणि गजर क्षणभर अडखळला, एवढंच.

"डॉक्टरसायेब," इस्माईलभाई म्हणाला, "माह्या मोतीले आंदी टोचलं, पण त्याले कीर्तन नाई आयकू आलं. पुन्ना टोचान का?"

तांड्याकडं परतताना धनीबाई दौलतसिंगाच्या जवळून चालत होती. "भाविक हायेत म्हणे," ती म्हणाली.

"मंग? मंडपात भाकर कोणी देल्ली होती आज?"

धनीबाई रंजीताकडं वळली, "हळू चाल व माय, ओढ्यात गोटे हायेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मुकादम किसनसिंगानं बादलच्या घरापुढं येऊन विचारायचं म्हणून विचारलं, आणि "राहा बावा, लेकरू सुखरूप होऊ दे," म्हणून पुढं गेला. तांडा भराभर चढत होता. बाजा चढल्या, भांडी चढली. पण यंदा चढायच्या आधी प्रत्येक घर आपलं कुत्रं घेऊन बादलच्या अंगणात येत होतं. कोणी दोरीनं आणलं, कोणी कडेवर.

"हा आमचा पावडर," गोविंदसिंग म्हणाला. "याले ताक लागते, दूध नाई पचत."

"ही चिंगी. हिच्या कानाले हात लावू नको, फटाक्याचं भेव हाय तिले."

हेमला एक थोराड काळा कुत्रा घेऊन आली. "हा सगळ्यायले आंदी खाऊ देते अन् मंग खाते. पण कोणी रांग मोडली का गुरकावते. म्हणून याचं नाव मुकादम ठेवलं."

किसनसिंग ट्रकच्या पायरीवर होता. "व्हय का," तो म्हणाला. "अन् आंदी खाऊ देते म्हणतं, मंग माहं नाव कायले ठेवलं?"

सगळा ट्रक हसला. मग इंजिन सुरू झालं. कुत्री सवयीनं उठली, चार पावलं ट्रकमागं गेलीसुद्धा. बादलनं मागं वळून बापाकडं पाहिलं. दौलतसिंग ओट्यावर बसला होता, रिकाम्या हातानं, आणि मुद्दामच दुसरीकडं पाहत होता.

बादलनं घसा साफ केला, गळ्यातले बापाचे टाळ वाजवले आणि रामकृष्णहरी म्हटलं. ट्रक वळणाआड गेला. इस्माईलभाईचा डबा घेऊन हरीओम ओढ्यातून वर येत होता, आणि रंजीता दारात उभी राहून, एक हात कमरेवर ठेवून, कुत्री परत फिरतात का ते पाहत होती. पहिली फिरली ती चिंगी.